चौमासा लागायच्या आत



आखाजी झाली. पापड झाले, कुरडया वाळून डब्यात गेल्या, लोणच्याच्या कैऱ्या तेवढ्या अजून यायच्या आहेत. जळगावचा पारा 45 च्या आसपास फिरतोय. गच्चीवर चिमण्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं परळ दिवसातून तीनदा भरावं लागतंय. आणि दर उन्हाळ्यात तुम्ही मला विचारता तो प्रश्न याही वर्षी आलाच. मुलांना सुट्ट्या आहेत, घरात मोठी माणसं आहेत, जवळपास कुठे जाऊन येता येईल?

दरवर्षी मी पालिताणा, शंखेश्वर, आबू सांगते. या वर्षी थोडं वेगळं सांगणार आहे. या वर्षी आम्ही म्युझियम बघितली. आपल्या खान्देशातली. उन्हाळ्याला ती फार बरी. डोक्यावर छप्पर असतं, चालणं बेताचं, आणि दोन तासांत घरी परत. (अजिंठा आपल्यापासून जवळच, पण तो डोंगर आत्ता तापलेला असतो. तिथे पाऊस पडल्यावर जा.)

पण हे सगळं कशामुळे सुरू झालं ते आधी सांगते.

मागच्या कार्तिकात आमचे बाबूजी गेले. तेव्हापासून सासूबाईंनी, ज्यांना आम्ही सगळे ‘बाई’ म्हणतो, घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं. सकाळी देरासर, तिथून घर. बस्स. लग्नाकार्याला नाही, बारशाला नाही. आखाजीला चोपड्याहून मामाजी, म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ, माहेरी न्यायला आले, तर त्यांनाही परत पाठवलं. “आता कुठं जायचं रे. माझं फिरणं झालं,” म्हणाल्या. मामाजी चहाही न घेता गेले.

त्यानंतर आठ दिवसांनी बाईंनी साध्वीजींकडे दिशेची मर्यादा मागितली. आपल्या बारा व्रतांतलं दिशा परिमाण व्रत तुम्हाला ठाऊक आहेच. जाण्यायेण्याची हद्द आखून घ्यायची. बाईंना जळगाव गावाच्या बाहेर पाऊल टाकायचं नव्हतं, तेही जन्मभरासाठी. मी शेजारीच बसले होते. माझ्या पोटात कालवलं. व्रताला नाही कशी म्हणू? पण हे व्रत की रुसवा, हेही कळेना. साध्वीजी बाईंकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आषाढ सुद चौदसला चौमासा लागेल. तोपर्यंत थांबा. मग पुन्हा विचारा.”

तेवढाच वेळ माझ्या हातात होता.

मी धुळ्याची, स्थानकवासी घरातली. आमच्या स्थानकात मूर्ती नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हा देरासरात उभं राहायचं कसं, बघायचं काय, मला काहीच कळायचं नाही. बाईंनी शिकवलं. आधी खाली लांछन बघ. वृषभ असेल तर आदिनाथ, सिंह असेल तर महावीर. लांछन दिसलं नाही तर डोकं आणि खांदे बघ. फणा असेल तर बहुधा पार्श्वनाथ, खांद्यावर केसांच्या बटा असतील तर आदिनाथ. दीक्षेच्या वेळी चार मुठी लोच झाला आणि इंद्राच्या विनंतीवरून पाचवी मूठ भगवंतांनी तशीच राहू दिली, त्या या बटा. बघायला मला ज्यांनी शिकवलं त्यांनीच आता बघणं सोडलं होतं. त्यांना बाहेर काढायचं तर काहीतरी बघायलाच काढावं, एवढंच मला सुचलं.

सुरुवात घरापासून केली. नातवाला सुट्टीत शाळेनं गांधीजींवर प्रकल्प दिला होता. तो दादीला म्हणाला, तू पण चल. नातवाला नाही म्हणणं बाईंना अजून जमत नाही. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलं असेल, पण पाहुण्यांना दाखवायला म्हणून घाईत. भवरलालजी जैन यांनी उभं केलेलं हे संग्रहालय 25 मार्च 2012 ला तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या जळगावच्या लेक प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुलं झालं. ‘खोज गांधीजी की’ असं त्याचं नाव. बाहेर आमराई, आत दगडी भिंतींचा गारवा.

गांधीजींच्या बालपणापाशी बाई थांबल्या. मी त्यांना बेचरजी स्वामींची गोष्ट सांगितली. 1888 मध्ये मोहनदास विलायतेला निघाला तेव्हा आई पुतळीबाई तयार होईनात. तेव्हा घरी येणाऱ्या बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंनी मुलाला तीन नियम दिले. मांस नाही, मद्य नाही, परस्त्री नाही. मग आईनं परवानगी दिली. तीन वर्षांनी, 1891 मध्ये, परत आल्यावर मुंबईत त्यांची भेट श्रीमद् राजचंद्रांशी झाली. जवाहिऱ्याच्या पेढीवर बसून हिऱ्यामोत्यांचे सौदे करणारा आणि सौदा संपला की आत्म्याची वही उघडणारा हा तरुण. गांधीजींनी आत्मचरित्रात त्यांच्यावर आख्खं प्रकरण लिहिलं आहे. राजचंद्र 1901 मध्ये गेले तेव्हा त्यांचं वय फक्त 33 होतं.

बाईंना यातलं राजचंद्रांचं माहीत होतं. बेचरजींचं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, “आईनं पोराला जाऊ दिलं. नियम दिला आणि जाऊ दिलं.”

परतताना गाडीत मी नातवाला फैजपूरचं सांगितलं. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला झालं. गांधीजींनी तिथल्या सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. एवढा मोठा चित्रकार, पण सामान काय, तर बांबू, चटया, गावात मिळेल ते. त्याच वेळी तिथं ग्रामोद्योगाचं प्रदर्शनही भरलं होतं. म्हणजे प्रदर्शन बघायला जाणं ही काही मुंबई-पुण्याचीच गोष्ट नाही. आपल्या पणज्या बैलगाडीतून गेल्या असतील.

पुढची पायरी धुळ्याची. माझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. विहिणीची विचारपूस करायला जायलाच हवं, हे बाईंनाही टाळता येईना. गाडीनं गेलो, रात्री माहेरी राहिलो आणि सकाळी ऊन चढायच्या आत राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयात गेलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले आणि लगेच 1927 मध्ये त्यांच्या नावानं हे मंडळ सुरू झालं. गावोगाव, वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून त्या माणसानं जुने कागद गोळा केले. मोडीतली दप्तरं, पोथ्या, नाणी, जुन्या मूर्ती असं बरंच काही तिथं आहे. शाळेत असताना मी ते पाहिलं होतं आणि कंटाळले होते. या वेळी कंटाळा आला नाही, कारण सोबत बाई होत्या.

जुन्या पोथ्यांपाशी त्यांनी साडीचा पदर तोंडाशी धरला. आपण ज्ञानपंचमीला भांडारातल्या पोथ्या काढतो, पुसतो, थुंकी उडू नये म्हणून तोंडाशी कापड धरतो, अगदी तसा. मी काही बोलले नाही. नातवानं विचारलं तेव्हा त्यांनीच त्याला सांगितलं की अक्षराची आशातना होऊ द्यायची नसते, मग ते अक्षर कुणाचंही असो. धुळ्यातच नानासाहेब देवांनी उभं केलेलं समर्थ वाग्देवता मंदिर आहे. नावात मंदिर, पण आत जपलंय ते समर्थ संप्रदायाचं हस्तलिखित धन. आम्हाला वेळ पुरला नाही, तुम्ही जरूर जा. ज्ञानपंचमी पाळणाऱ्या बाईला तिथं परकं वाटणार नाही.

आता चाळीसगाव. ही जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धुळ्याहून चाळीसगावला छोटी रेल्वे जाते, साधारण तासाभराचा प्रवास. बाईंना मी म्हणाले, परत जळगावला रेल्वेनंच जाऊ, चाळीसगावला गाडी बदलावी लागेल, मध्ये दोन-तीन तास मिळतील तेव्हा एक घर बघू. ‘म्युझियम’ म्हणाले नाही. खोटंही बोलले नाही, कारण ते खरोखर घरच आहे.

स्टेशनजवळचा दगडी बंगला. कलामहर्षी केकी मूस इथं राहायचे. पारशी घरातला हा मुलगा 2 ऑक्टोबर 1912 ला मुंबईत जन्मला. विलायतेत जाऊन कला शिकला, देशोदेशी फिरला आणि 1938 च्या सुमारास आईवडिलांकडे चाळीसगावला परत आला. त्यानंतर 31 डिसेंबर 1989 ला प्राण जाईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, या घरातून ते जवळपास बाहेर पडलेच नाहीत. एक-दोनदाच पडले असतील म्हणतात. घराला त्यांनी डच चित्रकार रेम्ब्राँचं नाव दिलं होतं.

आणि घरात बसून केलं काय? चित्रं काढली, शिल्पं केली, लाकडात काम केलं, कागदाच्या घड्यांतून आकार केले. पण त्यांचं खरं नाव झालं ते ‘टेबल टॉप’ फोटोंसाठी. टेबल टॉप म्हणजे टेबलावर छोटं जग मांडायचं आणि त्यावर असा उजेड पाडायचा की फोटोत ते खरंखुरं रान, समुद्र किंवा बर्फाचा डोंगर वाटावं. अशा फोटोत मीठ, पीठ, कापूस, वाळू, काड्या, भाजीचा तुकडा, काहीही चालतं. आपल्या ओट्यावरच्या वस्तू! फोटोसमोर उभं राहिलं की आधी गाव दिसतं, रस्ता दिसतो. मग कुणी सांगतं की हे सगळं एका टेबलाएवढं होतं, आणि मग आपण पुन्हा जवळ जाऊन बघतो. या फोटोंना जगभरातून शेकड्यांनी बक्षिसं आली. चाळीसगावच्या एका खोलीतून फोटो टपालानं जायचे आणि मानपत्रं टपालानं यायची.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळे सांगतात. तरुणपणी मुंबईत एका मुलीनं त्यांना शब्द दिला होता की मी रेल्वेनं येईन. ते रोज रात्री त्या गाडीच्या वेळी घराची दारंखिडक्या उघडी ठेवायचे. गाडी निघून गेली की मग बंद करायचे. ती आली नाही. किती खरं, किती लोकांनी वाढवलेलं, देव जाणे. पण स्टेशन इतकं जवळ आहे की आम्ही आत असताना गाडीचा आवाज आला आणि आम्ही सगळेच गप्प झालो.

बाईंनी दाखवणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारला. “मग त्यांचं स्वयंपाकपाणी कोण बघायचं?” ते हसले. म्हणाले, “आजी, लोक त्या मुलीचं विचारतात. जेवणाचं कुणी विचारत नाही.”

मला वाटलं होतं, बाई म्हणतील, बघ, हाही घरातच बसला होता ना, मग मला का ओढत आणलंस? मी मनातल्या मनात उत्तरही तयार ठेवलं होतं. पण त्या तसलं काही म्हणाल्या नाहीत. एका फोटोसमोर त्यांनी इतका वेळ काढला की नातू बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. देरासरात उभ्या राहायच्या तशाच उभ्या होत्या, हात जोडलेले नव्हते एवढंच.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्या. कजगाव गेलं, पाचोरा गेलं. सूर्यास्ताआधी जेवून घ्यायचं म्हणून मी थेपल्याचा डबा उघडला. तेव्हा म्हणाल्या, “पन्नास वर्षं दार उघडायचा म्हणे रोज.”

मी “हो” म्हणाले. बाबूजी गेल्यापासून आमच्या घराचं समोरचं दार दुपारी बंदच असतं. आधी ते कायम उघडं असायचं, कारण बाबूजी दुकानातून कधीही यायचे. हे मी तिथं बोलले नाही. इथं लिहितेय, कारण तुमच्यातल्या काही जणींच्या घरीही असं एखादं दार असेल.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःहून चोपड्याला फोन लावला आणि भावाशी पाऊण तास बोलल्या.

त्या बोलण्यातून मला एक गोष्ट आठवली. बाईंचं माहेर चोपडा, आणि चोपड्याला लागून चहार्डी. त्या चहार्डीची आदिनाथ भगवंतांची धातूची चौवीसी आहे. मध्ये आदिनाथ आणि सभोवती बाकीचे तीर्थंकर. हजार वर्षांपूर्वीचं काम. आज ती मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, म्हणजे जुन्या लोकांच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’मध्ये, 1922 साली लोकांसाठी उघडलं ते. एका पुस्तकात तिचा फोटो माझ्याकडे होता. तो काढून बाईंपुढे ठेवला.

“चहार्डीचे? आमच्या चहार्डीचे आदिनाथ?” त्यांनी भिंग आणायला सांगितलं आणि फोटोत खांदे शोधायला लागल्या. मग भिंग खाली ठेवलं. चेहरा उतरला. “आणि तिथं पूजा?”

नसते, मी म्हणाले. म्युझियममध्ये प्रक्षाल नाही, पूजा नाही, आरती नाही. लोक चपला घालून समोरून जातात. बाई म्हणाल्या, ही आशातनाच. अशा ठिकाणी जाऊन मी ती डोळ्यांनी बघायची का?

मैत्रिणींनो, या प्रश्नाला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आपल्या साक्री तालुक्यातल्या बलसाण्याचे विमलनाथदादा जमिनीतून प्रकट झाले असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांचं तीर्थ झालं, आज तिथं संघ जातात. चहार्डीचे आदिनाथ म्युझियममध्ये गेले. एकाच खान्देशातल्या दोन प्रतिमा, एकीला पुजारी मिळाला, एकीला राखणदार. मला बाईंसारखंच वाईट वाटतं. पण असंही वाटतं की तिथं नसती तर वितळवली गेली असती, विकली गेली असती, परदेशी गेली असती. धातूच्या किती प्रतिमा अशा गेल्या. शिवाय तिथं रोज असे लोक येतात ज्यांनी आयुष्यात देरासराची पायरी चढलेली नाही. त्यातला एखादा जरी क्षणभर थांबला आणि त्याला ती शांत मुद्रा दिसली, तरी काही वाया गेलं नाही. हे माझं वाटणं. चुकत असेन तर ज्ञानी माणसांनी सुधारावं.

बाईंना मी एवढंच म्हणाले, “तिथं हात जोडायला कुणी अडवत नाही. चपला आपण मनानं बाहेर ठेवू. मनात नवकार म्हणू.”

त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना विचारलं, “मुंबईची गाडी रात्रीचीच बरी ना?”

तर आमची तिकिटं निघाली आहेत, चौमासा लागायच्या आतली. तुम्हीही कुठे जाणार असाल तर माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. जाण्याआधी फोन करून वेळ आणि सुट्टीचा वार विचारा, आमची एक फेरी अशीच फुकट गेली होती. सकाळी उघडताच जा. उकळलेलं पाणी आणि खाकरे सोबत ठेवा, पण खाणं बाहेर बसून. आणि सगळं बघायचा हट्ट सोडा. आपल्याला 48 मिनिटं एका जागी बसायची सवय आहे, सामायिकाची. तेवढाच वेळ धरा आणि तेवढ्यात तीन वस्तू नीट बघा. मुलांना सांगा, प्रत्येकानं एकच वस्तू निवडायची आणि घरी येऊन तिच्याबद्दल सांगायचं. आमचा नातू अजून टेबलावर मिठाचे डोंगर करून फोटो काढतोय. मीठ मी मोजून देते.

साध्वीजींकडे बाई चौदसला पुन्हा दिशेची मर्यादा मागतील का, मला माहीत नाही. मागितलीच तर मी आड येणार नाही. फक्त तोपर्यंत त्यांनी जरा लांबवर बघितलेलं असावं, एवढीच माझी धडपड.

काल रात्री मात्र माझ्याच मनात शंका आली. म्युझियममधल्या वस्तू कधी आतल्या कोठीत ठेवतात, कधी दुसऱ्या गावी प्रदर्शनाला पाठवतात. उद्या फोन करून विचारणार आहे. बाईंना म्हणाले, “आणि आदिनाथ भगवान तिथं मांडलेले नसले तर?”

बाई नातवाचे कपडे घडी करत होत्या. म्हणाल्या, “तिथं धातूचे बाहुबलीही आहेत, तूच म्हणालीस ना? ते बघू. काढलेलं तिकीट कशाला वाया घालवायचं?”

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.